फ्रेंच उमरावांचं पोर्ट्रेट बघायचं कसं? चेहरा सगळ्यात शेवटी बघा

पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये मी पहिल्यांदा गेले ती ग्रुप टूरबरोबर, आणि मोनालिसाच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत बाकीच्या फ्रेंच पेंटिंग्जसाठी आमच्या हातात जेमतेम वीस मिनिटं उरली होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई, त्याच्या त्या प्रचंड पोर्ट्रेटसमोर उभी राहिले, चेहरा बघितला, केसांचा टोप बघितला, बापरे काय थाट आहे म्हटलं, फोटो काढला आणि पुढे पळाले. घरी आल्यावर एका रात्री तो फोटो मोठा करून बघत बसले होते तर लक्षात आलं की राजाने राजदंड उलटा धरलाय. मी समोर उभी होते आणि मला ते दिसलंच नव्हतं! तेव्हापासून १७०० ते १७३०-४० च्या काळातली फ्रेंच सरदार-उमरावांची पोर्ट्रेट्स बघायचं मला वेडच लागलं, आणि बघता बघता एक पद्धत बसत गेली, ती इथे नीट लिहून ठेवतेय. कुणाला पॅरिसला जायचं असेल, कुणी आर्ट हिस्टरी शिकत असेल, किंवा नुसतं घरी बसून म्युझियमच्या साइटवर चित्रं बघायला आवडत असेल, सगळ्यांच्या कामी येईल.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. चेहरा शेवटी बघायचा, सुरुवात पायापासून करायची. आपली सवय उलटी असते, माणूस दिसला की नजर आधी तोंडाकडे जाते. पण या चित्रांत चेहरा म्हणजे कॅनव्हासचा एवढासा तुकडा, आणि उरलेल्या सगळ्या जागेत हा माणूस कोण, कुठल्या घराण्यातला, कुठल्या पदावरचा आणि त्याचा हक्क कशावर, हे मांडून ठेवलेलं असतं. ते आधी वाचलं की मग चेहरा वेगळाच दिसायला लागतो.

आता तयारी. सुरुवातीला एकच चित्र घ्या, दहा घेऊ नका, आणि ते एक म्हणजे इयासांत रिगोने १७०१ मध्ये काढलेलं चौदाव्या लुईचं पोर्ट्रेट. लूव्रच्या साइटवर ते मोठं करून बघता येतं. प्रत्यक्ष जाणार असाल तर लूव्र मंगळवारी बंद असतं आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, हे तिकीट काढायच्या आधी डोक्यात ठेवा. वहीत चित्रकार, साल आणि साइज लिहून घ्या. साइज लिहायला बरेच जण विसरतात आणि तिथेच अर्धी गंमत जाते. हे चित्र २७७ सेंटीमीटर उंच आणि १९४ रुंद आहे. टेप घेऊन घरातल्या भिंतीवर २७७ ची खूण करून बघा, ती जवळपास छताला जाऊन भिडते. असं चित्र जमिनीपासून थोडं वर टांगलं की बघणाऱ्याची नजर राजाच्या पायांपाशी, फार तर गुडघ्यापाशी येते. म्हणून मी पायापासून सुरुवात करा म्हणते, चित्राची मांडणीच तशी आहे.

थोडी पार्श्वभूमी. १७०० मध्ये लुईचा नातू पाचवा फिलिप म्हणून स्पेनच्या गादीवर बसला, आणि त्याला पाठवायला म्हणून हे पोर्ट्रेट करायला सांगितलं गेलं. पण तयार झाल्यावर ते राजाला इतकं आवडलं की मूळ चित्र फ्रान्समध्येच राहिलं. रिगो तेव्हा चाळिशी ओलांडलेला, जन्म १६५९ चा, पेर्पिन्याँ गावचा. ते गाव स्पेनकडून फ्रान्सकडे आलं तेही त्याच वर्षीच्या तहात. राजधानीपासून लांबच्या सरहद्दीवरचा हा मुलगा पुढे दरबारातल्या सगळ्यांचे चेहरे रंगवणार होता.

चला, पाय बघा. जोडे पांढरट, टाचा लाल. ही लाल टाच फॅशन म्हणून आलेली नाही, ती दरबारातल्या खानदानी लोकांची खूण होती. त्यामुळे कुठल्याही चित्रात पूर्ण उंचीचा पुरुष दिसला की आधी टाचेचा रंग तपासायचा. मग पायांची ठेवण बघा. एक पाय पुढे, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवलेलं, पांढऱ्या रेशमी मोज्यातली पोटरी अगदी पुढ्यात आणलेली. ही नाचणाऱ्याची उभं राहायची रीत आहे. लुई तरुणपणी बॅलेमध्ये स्वतः नाचायचा, आणि चांगलं उभं राहणं, चांगलं चालणं हे उमरावांना लहानपणापासून डान्समास्तरकडून शिकवलं जायचं. या पायांचं वय किती वाटतं ते वहीत लिहा. मी पंचवीस लिहिलं होतं. हा आकडा आपल्याला शेवटी लागणार आहे.

पायांवरून वर आलं की कापड, आणि इथे घाई करायची नाही कारण खरी माहिती कापडातच आहे. लुईच्या अंगावर राज्याभिषेकाचा झगा आहे. बाहेरून निळा, त्यावर सोनेरी फ्लर-द-ली म्हणजे लिलीची फुलं, हे फ्रान्सच्या राजघराण्याचं चिन्ह. आतून अर्मिन नावाच्या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याची पांढरी फर. ते काळे ठिपके दिसतात ना, ते त्या प्राण्याच्या शेपटीच्या टोकाच्या काळ्या केसांचे झुबके असतात. आता बघा रिगोने काय केलंय, झगा एका बाजूने उलटून मागे टाकलाय, त्यामुळे फर भरपूर दिसते आणि पायही मोकळे दिसतात. एका घडीत दोन कामं! मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले होते.

राजा सोडून बाकीच्यांची पोर्ट्रेट्स बघताना कापडावरून माणूस ओळखायच्या काही खुणा सांगते, या पाठ केल्या की अर्ध्याहून जास्त चित्रं उलगडतात. निळा रुंद रेशमी पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे गेलेला असेल तर तो माणूस होली स्पिरिट ऑर्डरचा, हा मान तिसऱ्या हेन्रीने १५७८ मध्ये सुरू केला आणि तो मोजक्या शंभर जणांनाच मिळायचा, त्यामुळे तो पट्टा दिसला की समजायचं हा फार वरचा माणूस आहे. बिशप-कार्डिनल लोक हाच मान गळ्यात घालायचे. लाल पट्टा म्हणजे सेंट लुई ऑर्डर, ती १६९३ ची, सैन्यातल्या कामगिरीसाठी, आणि तिला जन्माने खानदानी असण्याची अट नव्हती, म्हणून निळ्या आणि लाल पट्ट्यात जमीन-अस्मानाचा फरक. हातात निळ्या मखमलीचा आखूड दांडा आणि त्यावर सोनेरी लिली असेल तर तो फ्रान्सचा मार्शल. लोखंडी चिलखत दिसलं तर मात्र गडबडू नका. १७०० नंतर लढाया बंदुकांनी चालायच्या, सगळं अंग झाकणारं चिलखत रणांगणावरून कधीच गेलं होतं, पण पोर्ट्रेटमध्ये ते टिकलं कारण ते म्हणजे ‘आमचं घराणं तलवारीचं’ असं सांगणं. याच्या उलट लाल किंवा काळा घोळदार झगा, गळ्याशी साधी पांढरी पट्टी, आणि आजूबाजूला कागदपत्रं, तर तो न्यायाधीश घराण्यातला. त्यांची खानदानी पदावरून आलेली, आणि तलवारवाले त्यांना जरा खालचं समजायचे. ही दोन घराणी शेजारी शेजारी ठेवून बघा, फ्रान्सच्या वरच्या वर्गातलं भांडण कापडावर दिसतं.

याच खुणांची आणखी एक मदत होते. नेटवर पुष्कळ चित्रं आरशातल्यासारखी उलटी टाकलेली असतात. तलवार उजव्या कमरेला आणि निळा पट्टा डाव्या खांद्यावर दिसला की आधी शंका घ्यायची. छापील एन्ग्रेव्हिंगमध्येही असं होतं, कारण तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, मात्र काही कोरणारे पत्र्यावर आधीच उलटं कोरून घ्यायचे त्यामुळे छाप सरळ यायचा. म्हणून रंगवलेलं मूळ सापडलं तर तेच बघा.

आता हात. माझा सगळ्यात आवडता भाग. लूव्रमध्येच निकोला द लार्जिलिएरचा एक कॅनव्हास आहे, त्यावर फक्त हात आहेत. वरपासून खालपर्यंत हातच हात, एक कापड धरतोय, एकाची बोटं हवेतच वळलेली, माणूस कुठेच नाही. तो कॅनव्हास समोर ठेवून मी वहीत ते हात पेन्सिलने उतरवून काढले, चित्रकला येत नसली तरी करा, हात हलवल्याशिवाय ते कळतच नाही. माझ्या लक्षात आलं की करंगळी आणि मधलं बोट कधीच एका रेषेत नसतात, मनगट जरा ढिलं, आणि वस्तू घट्ट पकडलेली नसते, नुसती बोटांनी टेकवलेली. जोर लावून पकडणं हे काम करणाऱ्या माणसाचं लक्षण, आणि या लोकांना दाखवायचं असायचं की आम्हाला कशालाच जोर लावावा लागत नाही.

हे डोक्यात ठेवून परत लुईकडे या. डावा हात कमरेवर, तलवारीच्या वर, आणि ती तलवार म्हणजे जुन्या काळच्या सम्राट शार्लमेनची समजली जाणारी राज्याभिषेकाची तलवार. उजव्या हातात राजदंड, आणि तो उलटा, टोक खाली उशीवर टेकवलेलं, फिरायला जाताना काठी धरावी तसा. शेजारी स्टुलावर मुकुट आणि ‘न्यायाचा हात’ हे राजचिन्ह पडून आहे, तेही सहज ठेवल्यासारखं. या वस्तूंसाठी युरोपात युद्धं झाली, आणि हा माणूस त्यांच्याकडे बघतही नाही! मला तरी वाटतं या चित्रातली सगळ्यात मोठी बढाई मुकुटात नाहीये, ती या बेफिकीर मनगटात आहे.

मागची भिंत, खांब, पडदा याच्यावर फार वेळ घालवू नका. जाड खांब आणि वरून आलेला भरजरी पडदा हा साचा व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकाराकडून आलेला, १६४१ ला तो गेला पण साचा राहिला आणि प्रत्येकाने वापरला. आपल्याकडे जुन्या फोटो स्टुडिओत आजी-आजोबांच्या मागे रंगवलेला खांब आणि पडदा असायचा ना, तो याच लांबच्या नात्यातला. फक्त लुईच्या चित्रात खांबाच्या पायथ्याशी कोरलेली तराजूवाली न्यायदेवता आहे ती बघून घ्या, अंधारात आहे त्यामुळे झूम करावं लागेल.

मग डोकं, पण अजून चेहरा नाही, आधी केस. केसांवरून चित्राचं साल साधारण ठरवता येतं. पुरुषांचा टोप १७०० च्या आसपास सगळ्यात मोठा, कपाळावर दोन उंचवटे आणि खांद्याच्या खाली लोळणारे कुरळे केस. १७१५ ला लुई गेला, मग १७२३ पर्यंत रीजंट, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार बघणारा, फिलिप दोर्लेआँचा कारभार, आणि त्या काळात टोप हळूहळू लहान झाला, मागे बांधला गेला, पांढऱ्या पावडरचं प्रमाण वाढलं. बायकांच्या डोक्यावर तारेवर उभारलेला लेसचा उंच मनोरा दिसला तर चित्र बहुतेक १७१५ च्या आधीचं, आणि घागऱ्याखाली सांगाडा घालून दोन्ही बाजूंना फुगवलेला दिसला तर नंतरचं. नियम अगदी काटेकोर नाहीत, म्हाताऱ्या लोकांना तरुणपणीचीच फॅशन आवडायची हे तेव्हाही होतंच.

बायकांच्या पोर्ट्रेटला मात्र हीच पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही. त्यांच्या हातात दांडा नाही, कमरेला तलवार नाही, मग त्यांचं मोठेपण दाखवायचं कसं? झां-मार्क नातिए या चित्रकाराने यावर जो मार्ग वापरला तो दरबारात प्रचंड चालला: बाईला देवी करून टाकायची. १७२९ मध्ये त्याने दरबारातल्या मादमोझेल द क्लेरमाँला पॅरिसजवळच्या शांतियीच्या औषधी पाण्याच्या झऱ्याची जलदेवता केलं. चित्र आजही शांतियीच्याच म्युझियममध्ये आहे. अशा चित्रात बघायची पायरी अशी: आधी हातातली वस्तू ओळखा, म्हणजे देवी कळते. कलश असेल तर पाण्याची, धनुष्य असेल तर शिकारीची देवी डायना, गरुडाला पेला देत असेल तर तारुण्याची देवी हेबे, शिरस्त्राण असेल तर बुद्धीची देवी मिनर्व्हा. मग विचारा की ही देवी हिलाच का, हिच्या घराण्याशी, जागेशी, लग्नाच्या वयाशी काय संबंध. क्लेरमाँच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, शांतियी तिच्या भावाची जहागीर होती, म्हणजे झरा घरचाच.

याच बाईचं नातिएनेच केलेलं १७३३ चं दुसरं चित्र लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे, त्यात ती तुर्की सुलताना होऊन स्नानाला बसलीय आणि भोवती सेवा करणारी कृष्णवर्णी माणसं आहेत. बघणारे बहुतेक तिच्या गोऱ्या रंगावर आणि कापडावर थांबतात. मी म्हणेन त्या बाकीच्या चेहऱ्यांपाशी थांबा. फ्रान्सच्या वसाहतींत तेव्हा गुलामगिरी जोरात होती, आणि या चित्रात काळी त्वचा गोऱ्या त्वचेला उठाव द्यायला वापरलीय. मालकिणीचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे, त्यांची नावं कॅनव्हासवर कुठेच नाहीत. हे बघितल्याशिवाय ते चित्र बघून झालं असं मी म्हणणार नाही.

लार्जिलिएरची ‘स्ट्रासबूरची सुंदरी’ पण नक्की बघा, १७०३ ची, स्ट्रासबूरच्या म्युझियममध्ये आहे. डोक्यावर केवढी ती आडवी काळी टोपी, होडी उलटी ठेवल्यासारखी, आणि हातात कुत्रा. स्ट्रासबूर लुईने १६८१ मध्ये घेतलं होतं, म्हणजे चित्र काढलं तेव्हा शहर फ्रेंच होऊन वीस-बावीस वर्षं झालेली, आणि ही बाई पॅरिसची फॅशन सोडून आपल्या शहराचा पोशाख घालून बसलीय. ती कोण होती हे खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे इथे कापड हाच एक पुरावा.

आता एक महत्त्वाची पायरी, जी मला फार उशिरा कळली. चित्राखाली ‘रिगो’ लिहिलंय म्हणजे सगळं रिगोने काढलं असं धरू नका. त्याचा कारखानाच होता. त्याच्या हिशेबाच्या वह्या पॅरिसला आजही जपून ठेवल्यात, त्यात कुणाचं पोर्ट्रेट केलं, किती पैसे घेतले आणि कुठल्या मदतनीसाला कशासाठी किती दिले हे सगळं आहे. कुणी कपडे रंगवायचा, कुणी फुलं, कुणी मागची लढाई, आणि चेहरा मुख्यतः मालकाकडे. गिऱ्हाईकाला नवीन पोझ आणि नवीन पोशाख हवा असेल तर दर जास्त, आधीच्या कुणाच्या चित्रातलाच पोशाख परत वापरला तर कमी. म्हणून दोन वेगवेगळ्या उमरावांच्या अंगावर घडी न घडी तोच झगा सापडला तर चक्रावू नका. मी आता मुद्दाम अशा जोड्या शोधते. आणि एकाच चित्राच्या दोन प्रती दिसल्या, जशी लुईच्या पोर्ट्रेटची एक प्रत व्हर्सायला आहे, तर दोन्हीतली लेस झूम करून बघा. कुठे ब्रश थांबत-थांबत गेलाय आणि कुठे एका दमात, हे बघत गेलं की नजर तयार होते. एका दिवसात नाही होत, मला दोनेक वर्षं लागली.

आणि आता, एवढं सगळं झाल्यावर, लुईचा चेहरा. पायांसाठी लिहिलेला आकडा वहीत काढा. चेहरा बासष्ट-त्रेसष्ट वर्षांच्या माणसाचा आहे. गाल आत गेलेत, तोंड आत ओढल्यासारखं, कारण १६८५ मध्ये त्याचे वरचे दात काढताना जबड्याचा तुकडा गेला होता आणि तेव्हापासून त्याला नीट चावताही येत नव्हतं. रिगोने ते झाकलं नाही. खाली नाचणाऱ्याचे पंचवीस वर्षांचे पाय आणि वर हा थकलेला, दात गेलेला चेहरा, दोन्ही एकाच कॅनव्हासवर आणि दोन्ही खरे. हक्क आणि पद म्हातारं होत नाही, ते पायांत आणि झग्यात आहे, माणूस म्हातारा होतो, तो चेहऱ्यात आहे. राजाला हे चित्र आवडलं होतं हे आठवलं की मला प्रत्येक वेळी कसंतरीच होतं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याने मुलगा गमावला, नातू गमावला, पणतू गमावला, आणि १७१५ मध्ये गादी दुसऱ्या, पाच वर्षांच्या पणतूकडे गेली. त्या पोराचंही रिगोने पोर्ट्रेट केलं, तोच अर्मिनचा झगा, तीच लिली, आणि मध्ये एवढासा गोल चेहरा. लुईनंतर लगेच ते बघा, शेजारी ठेवून, वरच्या सगळ्या पायऱ्या परत करत.

शेवटचा सराव म्हणून एक चित्र सांगते, तेही लूव्रमध्येच आहे. १६९५ मध्ये रिगो गावी गेला आणि आईला रंगवून आला, मारी सेर तिचं नाव. पॅरिसला शिल्पकार क्वाझवॉ तिचा अर्धपुतळा करणार होता, त्याला दोन बाजू कळाव्यात म्हणून एकाच कॅनव्हासवर आई दोनदा, समोरासमोर. खांब नाही, पडदा नाही, पट्टा नाही, डोक्यावर पांढरं कापड आणि अंगावर काळं. इथे पायापासून सुरुवात करताच येत नाही, पाय चित्रात नाहीतच. सरळ डोळ्यांकडे जा, आणि खालच्या पापणीखालची ती सैल कातडी त्याने किती हळू हाताने रंगवलीय ते बघा.